धसकट रुतल्यावर

तुरी काढून झाल्या की देगलूरच्या रानात अनवाणी चालायची सोय राहत नाही. तुराट्या बांधावर रचलेल्या असतात, पण जमिनीत चार बोटं उंचीचे सड तसेच उभे असतात, विळ्यानं तिरपे कापलेले आणि सुरीसारखे धारदार. ज्वारीच्या रानात धसकटं आणि बांधावर बाभळीचा काटा. आमच्या लहानपणी पायात काही रुतलं की आजी दिव्यावर सुई धरायची, काटा काढायची आणि वर हळद दाबायची. दुसऱ्या दिवशी पाय ठणकायला लागायचा. तिसऱ्या दिवशी पू धरायचा आणि चालताना जांघेत दुखायचं. तिथं बोट लावलं तर बोराएवढी गाठ हाताला लागायची. "अवधान आलंय," आजी म्हणायची, "पायातला पू निघाला की बसंल आपोआप." आणि ते बसायचंच.

ठणका, पू आणि अवधान या तीन गोष्टींत रोगप्रतिकारशक्तीचं बरंचसं शास्त्र आलं. आपलं शरीर परक्याला ओळखतं कसं, ओळखल्यावर करतं काय आणि कुठे त्याची ओळख चुकते, हे समजून घ्यायला एक काटा पुरतो.

काटा कातडी फोडून आत जातो तेव्हा एकटा जात नाही. काळ्या मातीतले, शेणातले हजारो जिवाणू त्याच्या टोकावर असतात. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. आलेला जिवाणू कोणत्या जातीचा हे त्यांना कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. त्या फक्त काही खुणा तपासतात. जिवाणूंच्या शेपटीत फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन असतं, ते माणसाच्या शरीरात कुठंच तयार होत नाही. अनेक जिवाणूंच्या बाह्य आवरणात एक विशिष्ट मेदशर्करा असते, तीही आपल्यात नाही. अशा खुणा हेरणारी प्रथिनं या भक्षक पेशींवर असतात. 'टोल' हे त्यांच्या घराण्याचं नाव, आणि माणसात अशी दहा आहेत. हा शोध लागला फळांवर घोंगावणाऱ्या चिमुकल्या माशीत. 1996 साली स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेला दिसलं की टोल जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीनं मरतात. दोन वर्षांनी ब्रूस बॉयटलर यांनी त्याच घराण्यातलं प्रथिन उंदरात दाखवलं. 2011 च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता.

खूण पटली की भक्षक पेशी रासायनिक हाळी देते. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंती सैल होतात. लाली, ऊब, सूज आणि ठणका येतो तो यामुळेच. त्या सैल भिंतींतून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात. आपली अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. त्या जिवाणू गिळतात, विषारी रसायनांनी मारतात, आणि हे करता करता स्वतःही मरतात. पू म्हणून आपण जे पिळून टाकतो त्यात प्रामुख्यानं या पेशींचीच कलेवरं असतात. ताप आल्यावर लॅबमधून येणाऱ्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'डब्ल्यूबीसी वाढल्यात' असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा तेही याच फौजेबद्दल बोलत असतात.

ही फौज काय करते हे माणसाच्या लक्षात आलं तेही काट्यामुळेच. 1882 साली इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना इथं राहत होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांतल्या फिरत्या पेशी न्याहाळत बसला होता. बाहेरचं काही आत शिरलं तर या पेशी त्याच्याभोवती जमतील का, असं त्याच्या मनात आलं. त्यानं बागेतले गुलाबाचे काटे आणून पिल्लांच्या अंगात खुपसले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. भल्या सकाळी पाहतो तर काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला. तुमच्या, माझ्या टाचेत जे होतं तेच त्या इवल्या जीवात चाललं होतं. त्या पेशी शत्रूला खाऊन शरीर राखतात, या सिद्धांतासाठी 1908 चं नोबेल त्याला पॉल एर्लिश यांच्याबरोबर मिळालं.

ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढं मुंबईला आला. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन.

त्याच्याकडे वळण्याआधी जांघेतल्या गाठीचं सांगायला हवं, कारण गोष्ट तिथूनच जाते. प्रमाण मराठीत अवधान म्हणजे लक्ष. देगलूर हे धुंडा महाराज देगलूरकरांचं गाव. इथं ज्ञानेश्वरीच्या निरूपणाला बसणाऱ्यांना अवधान द्यायचं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. जांघेतल्या गाठीलाही तोच शब्द कसा लागला ते भाषा अभ्यासणाऱ्यांनी सांगावं, पण शास्त्राच्या दृष्टीनं तो चपखल आहे. ती गाठ म्हणजे लसिकाग्रंथी, आणि पायाच्या जखमेकडे शरीराचं खरं लक्ष तिथं लागलेलं असतं.

जखमेतल्या काही पेशी शत्रूशी लढत बसत नाहीत. वृक्षाच्या फांद्यांसारखे हातपाय असलेल्या या डेंड्रायटिक पेशी जिवाणूचे तुकडे करतात, ते आपल्या अंगावर बाहेरून मांडतात आणि लसिकावाहिनीतून जांघेतल्या ग्रंथीत येतात. तिथं टी पेशी एकामागून एक त्यांना भेटतात. प्रत्येक टी पेशीला एकच ठरावीक तुकडा ओळखता येतो, त्यामुळे हजारो जणी बघून पुढं जातात. लाखातून एखादीलाच तो तुकडा पटतो. पण पटला तरी ती लगेच कामाला लागत नाही. तुकडा आणणाऱ्या पेशीला धोक्याची खूणही दाखवावी लागते. हा दुजोरा मिळाला की ती दुप्पट, चौपट होत जाते आणि काही दिवसांत एकीच्या हजारो होतात. त्यांच्या मदतीनं बी पेशी प्रतिपिंडं बनवू लागतात. या गर्दीनं ग्रंथी फुगते, आणि आपण म्हणतो अवधान आलं.

इथं प्रश्न पडतो की जगात अजून न आलेल्या रोगाचाही तुकडा ओळखणारी पेशी आधीपासून तयार कशी? आपली जनुकं तर जेमतेम वीस हजार. याचं उत्तर सुसुमू टोनेगावा यांनी दिलं आणि 1987 चं नोबेल मिळवलं. आमच्याकडे वाकळ शिवतात. तुकडे त्याच जुन्या लुगड्यांचे, पण दोन वाकळा कधी सारख्या होत नाहीत. टी आणि बी पेशी घडताना जनुकांचे तुकडे असेच निरनिराळ्या क्रमानं जोडले जातात आणि त्यातून कोट्यवधी प्रकारचे ओळखणारे हात तयार होतात.

यात एक धोका आहे. आंधळेपणानं जोडलेल्या तुकड्यांतून आपल्याच शरीरावर उठणाऱ्या पेशीही बनणारच. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत टी पेशींची कडक परीक्षा होते आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक तिथंच संपतात. त्यातूनही सुटलेल्यांना आवरायला वेगळ्या टी पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्या दाखवल्या, आणि 2025 चं नोबेल त्यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. मला या सगळ्या शास्त्रात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच दुकानापुढं कानावर पडतात, कारण तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही हाकेच्या अंतरावर. वेगळं बोलतो म्हणून इथं कुणी कुणावर धावून जात नाही. शरीरही परकं दिसलं की मारत सुटत नाही. आतड्यातले अब्जावधी जिवाणू, रोजचं अन्न, आईच्या पोटातला निम्मा बापाचा गर्भ, हे सगळं ते नांदू देतं. त्याची हत्यारं अपाय करणाऱ्यासाठी असतात.

आता हाफकिन. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. जांघेत, काखेत गाठ आणि जबर ताप, म्हणून आपल्याकडे त्याला गाठीचा ताप म्हणत. गाठ तीच, अवधानाची. पण प्लेगचा जिवाणू पहाऱ्यालाच फसवतो. पिसवेच्या थंड अंगातून माणसाच्या उबदार शरीरात आला की तो आपल्या आवरणातली मेदशर्करा बदलतो, त्यामुळे टोल प्रथिनाला ती नीट ओळखू येत नाही. भक्षक पेशीनं धरलंच तर तिच्यात प्रथिनं टोचून तिला लुळी करतो. शरीर जागं होईतो ग्रंथीचीच राखरांगोळी झालेली असते. या साथीनं किती माणसं नेली ते सांगायला नको. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी याच रोगानं गेल्या.

हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत काम सुरू केलं. रसात जिवाणू वाढवायचे, उष्णतेनं मारायचे आणि टोचायचे. मेलेला जिवाणू रंग बदलू शकत नाही, कुणाला लुळं करू शकत नाही, पण त्याचे तुकडे शाबूत असतात. म्हणजे टी आणि बी पेशींना शत्रूची ओळख सावकाश, निर्धास्तपणे करून घ्यायला मिळते, आणि त्यातल्या काही ती ओळख वर्षानुवर्षं जपतात. 10 जानेवारी 1897 रोजी त्यानं ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा स्वेच्छेनं पुढं आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांत बारा जण आजारी पडून सहा दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मेला कुणी नाही. 1899 मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

पुढं त्याच्यावर जे ओढवलं ते वाचताना आजही जीव हळहळतो. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचल्यावर एकोणीस माणसं धनुर्वातानं मेली. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती. ठपका हाफकिनवर आला आणि पद गेलं. बाटली गावात उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक केला नव्हता, हे चौकशीतल्या जबानीतच होतं. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर 1907 साली तो डाग धुतला गेला.

म्हणजे जमिनीवर पडलेल्या एका चिमट्याला लागलेली माती एकोणीस जणांना पुरली. आपल्या टाचेतलं धसकटही त्याच मातीतून येतं, आणि आजीचं अनुभवाचं शास्त्र जिथं थांबतं ती जागा हीच. धनुर्वाताचे बीजाणू शेणामातीत वर्षानुवर्षं पडून असतात. सुई दिव्यावर धरल्यानं सुई शुद्ध होते, आत गेलेली माती होत नाही. हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत हे बीजाणू उमलतात आणि विष सोडतात. ते मज्जातंतूंच्या वाटेनं पाठीच्या कण्यात जातं आणि स्नायू सैल करणारे संदेश बंद पाडतं. दातखिळी बसते, पाठीची कमान होते, शुद्ध मात्र असते.

या विषाची ओळख शरीराला आपणहून होत नाही. माणूस मारायला मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी विष पुरतं, आणि पेशींना ओळख पटण्यासाठी एवढी मात्रा फारच थोडी पडते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही पुन्हा धनुर्वात होऊ शकतो, आणि त्यालाही लस द्यावीच लागते. अंगानं काटक आहे, मातीत वाढलाय, त्याला काही होत नाही, हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. इतर पुष्कळ रोगांबाबत त्यात थोडंफार तथ्य असेल, इथं अजिबात नाही.

1890 साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि किटासातो यांनी दाखवलं की विष पचवलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवानं दुसरा प्राणी धनुर्वातापासून वाचतो. घोड्याची प्रतिपिंडं माणसाला देण्याची सुरुवात त्यातून झाली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावरचं प्रतिसर्पविष आजही असंच बनतं. पुण्याच्या पूनावालांच्या फार्मवरचे घोडे याच कामासाठी हाफकिन संस्थेला जात, आणि 1966 मध्ये त्यांनी स्वतःची सीरम इन्स्टिट्यूट काढली तेव्हा सुरुवातीच्या उत्पादनांत धनुर्वाताचं प्रतिविष होतं. पण ही उसनी प्रतिपिंडं काही आठवड्यांत संपतात. टिकते ती लस. तिच्यात विष फॉर्मलिननं निरुपद्रवी केलेलं असतं, त्यामुळे ते भरपूर देता येतं आणि बी पेशींची ओळख पक्की होते. गरोदरपणी आईनं घेतलेल्या लसीची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात. नाळेला शेण-राख लावण्याच्या चालीमुळे जिथं तान्ही बाळं आठवड्याभरात जायची, त्या आपल्या देशात 2015 साली बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं जाहीर झालं.

आटोक्यात आला म्हणजे नाहीसा झाला असं नाही. मातीतले बीजाणू मातीतच आहेत. बायकांना गरोदरपणी डोस मिळतात, पण शाळा सुटल्यावर शेतात राबणाऱ्या पुरुषांना कुणी बोलावून लस देत नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलामुलींना टीडीचा डोस सरकारी केंद्रात फुकट मिळतो. पूर्वीच्या टीटीची जागा आता टीडीनं घेतली आहे आणि तिच्यात घटसर्पाचीही लस असते. घरातल्या पोरांचं कार्ड एकदा काढून पाहा. आणि तुमचा स्वतःचा शेवटचा डोस दहा वर्षांपूर्वीचा असेल, किंवा जखम खोल, माती-शेणानं माखलेली आणि डोस पाच वर्षांहून जुना असेल, तर अवधान बसायची वाट पाहू नका. धसकट निघालं की जखम साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.