भाड्याच्या खोलीची खिडकी

पावसाळा लागला की दवाखान्यात तापाच्या रुग्णांची गर्दी होते. अशा वेळी औषधाबरोबर मी एक प्रश्न हमखास विचारतो : घराच्या खिडकीला काय लावले आहे? आमच्या शिरूर अनंतपाळमध्ये नोकरीसाठी, मुलांच्या शाळेसाठी अनेकजण भाड्याने राहतात. कुणाच्या खिडकीला पुठ्ठा, कुणाच्या गोणपाट, तर कुणाच्या जुनी साडी. मालक म्हणतो, भाडेकरूने बघावे. भाडेकरू म्हणतो, घर थोडेच आपले आहे! दोघांच्या वादात डासांचे फावते.

आपल्या जिल्ह्याला पाणीटंचाई नवी नाही. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यामुळे टाक्या, रांजण भरून ठेवण्याची सवय घरोघरी आहे. या साठवलेल्या पाण्यातच डेंग्यूचा एडिस डास वाढतो. तो दिवसा चावतो. म्हणून केवळ तिन्हीसांजेला खिडकी लावून भागत नाही. दिवसभर बंद ठेवावी, तर खोली कोंदट होते आणि घरात क्षयाचा रुग्ण असल्यास इतरांना लागण होण्याचा धोका वाढतो.

तेव्हा हवा येईल पण डास येणार नाही, अशी जाळी हवी. एका इंचात १६ ते १८ भोके असलेली जाळी घ्यावी. हलकी नायलॉनची जाळी उन्हाने विरते, साधी लोखंडी गंजते. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलची महाग पडते, पण वर्षानुवर्षे टिकते. ती मालकानेच चौकटीत बसवावी. भाडेकरू बदलला तरी जाळी घरातच राहते. मालक तयार नसेल, तर भाडेकरूने फायबरग्लासची जाळी वेल्क्रोच्या पट्टीने लावावी. खिळे ठोकावे लागत नाहीत आणि घर सोडताना ती काढून नेता येते.

पडदा सुती, फिक्या रंगाचा आणि घरी धुता येईल असा असावा. जाड, मळक्या पडद्यात धूळ साठते. दम्याच्या रुग्णाला तिचा त्रास होतो. एडिस डासही पडद्यामागे अंधारात दडून बसतो. म्हणून पडदा रोज झटकावा, वरचेवर धुवावा. पश्चिमेच्या खिडकीला उन्हाळ्यात बाहेरून वाळ्याचा पडदा लावावा. ऊन बाहेरच अडले की खोली कमी तापते.

जाळी लावली तरी आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. आणि ताप आलाच, तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे.