उरलेल्या फायली : काय पुसावे, काय राखावे

अक्कलकुव्यात माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे छोटेसे दुकान आहे. प्रवेशाच्या दिवसांत मोलगी, काठी, डाब या भागांतली मुले अर्ज टाईप करून घ्यायला येतात. अशाच एका दुपारी कॉम्प्युटरने 'जागा संपली' असा इशारा दिला. मी घाईने सफाईला लागलो आणि ज्या फायलींची नावे कळेनात, त्या सरळ पुसून टाकल्या. संध्याकाळी एका मुलीचा अर्ज उघडला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! तिला दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबारला अर्ज द्यायचा होता. रात्री बसून तिच्या हस्तलिखितावरून तो पुन्हा टाईप केला.

झाले होते असे, की मी 'फॉन्ट्स' या फोल्डरमधल्या फायली पुसल्या होत्या. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत मजकूर इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी साठवला जातो. त्याला देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला, की मजकूर असूनही वाचता येत नाही. युनिकोडमध्ये ही अडचण येत नाही.

तेव्हापासून मी फाईल किती मोठी आहे किंवा तिचे नाव किती विचित्र आहे, हे पाहत नाही. दोनच प्रश्न विचारतो. ही फाईल कोणी ठेवली? आणि गेली तर पुन्हा तयार होईल का?

'टेम्प' फोल्डरमधल्या फायली कामापुरत्या असतात. सगळे प्रोग्रॅम बंद करून त्या पुसायला हरकत नाही. 'पेजफाईल' आणि 'हायबरफिल' या फायली मोठ्या दिसतात, पण त्या विंडोज स्वतः वापरते. 'विनएसएक्सएस' आणि विंडोजमधील 'इन्स्टॉलर' ही फोल्डरे हाताने कधीही पुसू नयेत. पुढे दुरुस्ती, अपडेट किंवा एखादा प्रोग्रॅम काढणे अडते.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेकांनी विंडोज ११ घेतले. अशा बदलानंतर 'विंडोज.ओल्ड' हे फोल्डर उरते. ते कित्येक जीबी जागा अडवते. साधारण दहा दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढते. तोवर जुन्या विंडोजवर परतण्याची वाट मोकळी असते. विंडोज नव्याने टाकले असेल, तर आपले जुने फोटो आणि कागदपत्रे त्यातच राहिलेली असू शकतात. आधी ती बाहेर काढावीत.

सफाईसाठी सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', त्यात 'स्टोरेज' आणि त्यात 'टेम्पररी फाइल्स' ही यादी उघडावी. एक सावधगिरी मात्र हवी. याच यादीत 'डाउनलोड्स'ही असते. तिथे चुकून खूण केलीत, तर उतरवून घेतलेले दाखलेही जातील.

शंका आली, की मी फाईल पुसत नाही. आधी पेनड्राईव्हवर तिची प्रत घेतो. माझे सगळे जुने फॉन्ट आता तिथेही आहेत, आणि सवड मिळेल तसे जुने अर्ज युनिकोडमध्ये उतरवतो आहे.