इंधनाचा भडका आणि गरिबाची चूल

ज्याच्या दारात सायकलही नाही, त्याला पेट्रोलच्या भावाशी काय देणेघेणे, असे सुखवस्तू वर्ग विचारतो. देणेघेणे आहे! नाशिकचा कांदा, लातूरची डाळ मुंबईच्या झोपडपट्टीत पोहोचते ती डिझेलवरच. ट्रकचे भाडे वाढले की ते भाजीच्या जुडीत मिसळते. श्रीमंताला हा खर्च पचतो. ज्याची बरीचशी मजुरी पोटावरच जाते, त्याची डाळ पातळ होते.

नायजेरिया तर तेल विकणारा देश. तेथे १ जानेवारी २०१२ रोजी अनुदान काढताच ६५ नायराचे पेट्रोल १४० च्या पुढे गेले. बसभाडे, अन्न सारेच महागले. जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा भाव ९७ वर आला. २०२३ मध्ये मात्र अनुदान पुन्हा गेलेच. इक्वेडोरमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये आदिवासी संघटनांनी राजधानी किटोवर धडक दिली आणि दोन आठवड्यांच्या आत सरकारला इंधन दरवाढीचा हुकूम मागे घ्यावा लागला.

आपल्याकडे काय घडले? एप्रिल २०२० मध्ये जगात तेल मातीमोल झाले. टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले होते. त्याच मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये कर चढवला. पुढे काही कपात झाली. पण स्वस्ताई जनतेपर्यंत पोहोचलीच नाही.

आयकर मिळकत पाहून लागतो. इंधनावरचा कर माणूस पाहत नाही. उद्योगपती आणि कचरावेचक बाई तो एकाच दराने भरतात. म्हणून महागाई हा सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे. अप्रत्यक्ष करांचे ओझे कोणाच्या पाठीवर, हे चळवळीने वस्तीवस्तीत विचारले पाहिजे.