हेराक्लीस आणि वजिरपाणी : एका नावाचा प्रवास

ग्रीक पुराणकथांतील महाबली वीर हेराक्लीस याचे नाव भाषेगणिक बदलत गेले. इट्रुस्कन लोकांनी त्यास ‘हेर्क्ले’ म्हटले, रोमनांनी ‘हेर्कुलेस’. कुषाण राजा हुविष्क याच्या नाण्यांवर ते ‘हेराकिलो’ असे उमटले. मराठीत ते इंग्रजीमार्गे ‘हर्क्युलिस’ होऊन आले आणि सायकलीबरोबर खेडोपाडी पोहोचले.

पाली तिपिटकात हे नाव नाही. तेथे आहे तो वजिरपाणी यक्ष. भगवान बुद्धांचा हा वज्रधारी रक्षक दगडात कोरताना गंधारच्या काही शिल्पकारांनी त्यास हेराक्लीसचा बळकट देह आणि सिंहाचे कातडे दिले. गदेच्या जागी वज्र आले. नाव येथले राहिले, रूप ग्रीकांचे आले.

हा वजिरपाणी कोणत्या प्रसंगी प्रकटतो, हे आम्हास विशेष महत्त्वाचे वाटते. दीघनिकायाच्या अम्बट्ठसुत्तात अम्बट्ठ नावाचा ब्राह्मण तरुण शाक्यांना हीन म्हणून हिणवतो. भगवंत त्यास त्याच्याच कण्हायन गोत्राचा मूळपुरुष कोण, असे विचारतात. तो कण्ह दासीपुत्र होता. अम्बट्ठ दोनदा गप्प राहतो. तेव्हा धगधगता लोखंडी घण घेऊन वजिरपाणी त्याच्या डोक्यावर आकाशात उभा राहतो. जन्माच्या अहंकाराला सत्य सांगणे भाग पडते.

ग्रीकांचा हा संबंध केवळ गंधारापुरता नाही. महावंसानुसार अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्म घेऊन आले ते योन धम्मरक्खित थेर. खालापूर तालुक्यातील खोपोलीहून बोरघाट चढून गेल्यावर कार्ल्याची लेणी लागतात. तेथील काही स्तंभांचे दाते स्वतःस ‘यवन’ म्हणवतात. नावे मात्र सिहधय, धम्म अशी आहेत.

घाटाखाली, कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागी, भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे : कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. सुत्तातील कण्ह आणि हा कण्ह यांत नामसाम्यापलीकडे काही नाही. पण बलकाने स्वतःची ओळख कशी दिली ते पाहावे. पिता नाही, कुळ नाही, वर्ण नाही; आचार्यांचे नाव आणि स्वतःचे काम एवढेच.

कर्जत-खालापूर परिसरातील उपासकांनी आपल्या मुलांना पावसाळा संपताच कोंडाण्यास न्यावे व ही ओळ त्यांना दाखवावी.