आर्ट थेरपीचा खर्च आरोग्य विम्यातून मिळतो का?

चित्र, संगीत, नृत्य, नाट्य यांच्या आधारे प्रशिक्षित थेरपिस्ट जो उपचार करतात, त्याला आपल्याकडे सरसकट आर्ट थेरपी म्हणतात. झालेला आघात शब्दांत सांगता न येणाऱ्या मुलांपासून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपर्यंत अनेकांसाठी ती वापरली जाते. सत्रे महिनोन्‌महिने चालतात आणि पॉलिसी असूनही पैसे बहुतेक वेळा घरातूनच जातात.

कायदा रुग्णाच्या बाजूचा आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम २१(४) सांगते की, शारीरिक आजारांना ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारांच्या उपचारांनाही मिळाला पाहिजे. आयआरडीएआय या विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवले आणि पुढे सर्व पॉलिसींसाठी ३१ ऑक्टोबर २०२२ ही मुदत घातली. त्यामुळे ‘आमच्याकडे मानसिक आजार बसत नाही’ असे सांगून कंपनीला मोकळे होता येत नाही.

पण ‘त्याच आधारावर’ या शब्दांमुळे हात बांधलेही जातात. साध्या पॉलिसीत तापासाठी डॉक्टरांकडे जाऊन आल्याचे पैसे मिळत नाहीत, मग आठवड्याच्या थेरपी सत्राचेही मिळत नाहीत.

अडते ते ओपीडीवर

आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात रुग्णालयात दाखल होण्याभोवती रचलेला आहे. सहसा किमान २४ तास दाखल असावे लागते. मनोविकार विभागात दाखल असताना आर्ट थेरपी हा उपचार योजनेचाच भाग असेल, तर ती बिलात येऊ शकते. मात्र केस पेपरवर ती डॉक्टरांनी सुचवलेली दिसली पाहिजे. ‘विरंगुळा’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ अशी नोंद झाली की ती रक्कम वगळली जाण्याची शक्यता वाढते. दाखल होण्याआधीच्या आणि घरी सोडल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्चही बहुतेक पॉलिसी देतात. अनेक पॉलिसींत हे दिवस ३० आणि ६० असतात. डिस्चार्ज समरीत पुढील सत्रांचा स्पष्ट उल्लेख असेल, तर त्या काळातल्या सत्रांसाठी क्लेम करून पाहावा.

दाखल न होता घेतलेल्या उपचारांसाठीचे, म्हणजे ओपीडी कव्हर घेताना नीट चौकशी करा. काही पॉलिसींत ते फक्त डॉक्टरांच्या तपासणीपुरते असते. ‘डॉक्टर नसलेल्या थेरपिस्टची सत्रे धरता का?’ हा प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एजंटच्या तोंडी होकाराला क्लेमच्या वेळी काही किंमत नसते.

थेरपिस्टची नोंदणी

बिल कोणाचे आहे, हे कंपनी पाहतेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. आर्ट थेरपिस्टना मात्र अशी ओळख मिळायला फार उशीर झाला. सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या परिशिष्टात कला, नृत्य व हालचालींच्या थेरपिस्टचा उल्लेख आला. मला हा उल्लेख मोलाचा वाटतो, कारण ‘हा आरोग्य व्यवसायच नाही’ या आक्षेपाला आता कायद्यातूनच उत्तर देता येते.

नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चित्रांचा वापर करून मानसोपचार करत असतील, तर बिलावर मानसोपचार लिहिणे योग्यच आहे. पण जे झाले नाही ते लिहून घेऊ नका. खोटे बिल उघडकीला आले, तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. आधीचा मानसिक आजार प्रस्ताव अर्जात लपवणेही तितकेच धोक्याचे. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. तेवढे थांबणे परवडते.

विशेष मुलांसाठी ‘निरामय’

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आधी पाहा. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या या विम्यात ओपीडी आहे आणि अपंगत्वाचा परिणाम कमी करण्यासाठी नियमित चालणाऱ्या थेरपीही आहेत. नावनोंदणीआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. थेरपीच्या खर्चाला वेगळी मर्यादा आहे, ती सत्रे ठरवण्याआधी विचारून घ्या. इतक्या पालकांच्या उपयोगाची योजना शाळाशाळांतून सांगितली जायला हवी.

क्लेम नाकारला तर

नकार कारणासह लेखी मागा. मग मनोविकारतज्ज्ञांचे पत्र जोडून कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे जा. निदान काय, ही थेरपी का, किती सत्रे आणि आतापर्यंतचा फरक, एवढे त्या पत्रात असावे. कलम २१(४) चा उल्लेखही करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे दाद मागता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ऐकले जातात. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार दाखल करावी लागते.