रोपाची भेट

वाढदिवशी, बारशाला किंवा नव्या घराच्या वास्तुशांतीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, अशी आपल्याकडील रीत आहे. नारळ, खण, तांब्या-पेला किंवा एखादे पुस्तक देऊन ही रीत पाळली जाई. अलीकडे शहरांतून कुंडीतील रोप भेट देण्याची चाल पडली आहे आणि पुष्पगुच्छाशी तुलना करता ती स्तुत्यच होय. पुष्पगुच्छ दोन-तीन दिवसांत कोमेजून केरात जातो. रोप मात्र निगा राखल्यास वर्षानुवर्षे टिकते. ते किती टिकू शकते याची साक्ष पाहावयाची असेल तर लंडनच्या क्यू उद्यानात जावे लागेल. फ्रान्सिस मॅसन या वनस्पतिसंग्राहकाने दक्षिण आफ्रिकेतून आणलेले सायकॅड जातीचे एक झाड १७७५ साली तेथे पोहोचले. पानिपतच्या लढाईला तेव्हा अवघी चौदा वर्षे झाली होती. ते झाड आजही जिवंत आहे, आणि तेही कुंडीतच!

तथापि ही भेट इतर भेटींहून एका बाबतीत अगदी निराळी आहे. तांब्या कपाटात पडून राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही. रोपाचे तसे नाही. रानातील झाड पाण्याच्या शोधात आपली मुळे दूरवर धाडते, उन्हाच्या दिशेने फांद्या वळवते आणि स्वतःचे पोट स्वतः भरते. कुंडीतील रोपाला हे स्वातंत्र्य नसते. वीतभर मातीत जेवढे सापडेल तेवढ्यावर त्याचा निर्वाह चालतो. ती माती सुकली की त्याला माणसाच्या हाताची वाट पाहत बसावे लागते. म्हणजे रोप भेट देणारा मनुष्य नुसती एक वस्तू देत नाही, तर एका परावलंबी जीवाचा सांभाळ दुसऱ्याकडे सोपवतो. म्हणूनच रोपवाटिकेत शिरण्यापूर्वी त्याने ते रोप जेथे जाणार आहे ते घर डोळ्यांसमोर आणावयास हवे.

घरात पाहावयाची पहिली गोष्ट म्हणजे खिडकी. या बाबतीत मनुष्याचा डोळा त्याला हमखास फसवतो. डोळ्याची बाहुली अंधारात मोठी होते, उजेडात लहान होते. त्यामुळे अंगण आणि दिवाणखाना यांच्या प्रकाशातील खरे अंतर आपणांस जाणवतच नाही. प्रकाश मोजण्याचे लक्स नावाचे एकक आहे. भर दुपारी उघड्यावर हा प्रकाश सुमारे एक लाख लक्सपर्यंत जातो. त्याच वेळी खोलीच्या मध्यभागी तो बहुधा काही शे लक्स एवढाच असतो. आपण तेथे बसून सुखाने वर्तमानपत्र वाचतो; गुलाबाचे रोप मात्र तेथे उपाशी राहते, कारण वनस्पतीचे अन्न प्रकाशातच तयार होते.

पूर्वेची खिडकी बहुतेक रोपांना मानवते. तेथे सकाळचे कोवळे ऊन येते. पश्चिमेचे दुपारनंतरचे ऊन प्रखर, ते कोवळी पाने भाजून काढते. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून त्या दिवसांत ऊन खोलीत दूरवर शिरते. उत्तरेच्या खिडकीत उजेड असतो, पण ऊन बहुतेक वर्षभर नसतेच.

खिडकी न पाहता दिलेल्या भेटीचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे तुळस. नव्या बिऱ्हाडाला तुळशीचे रोप द्यावे, ही कल्पना किती मंगल! परंतु तुळस ही उन्हाची लेक आहे. अंगणातील वृंदावनात तिला दिवसभर ऊन मिळे. सदनिकेत तिला जागा मिळते ती देवघराच्या कोपऱ्यात किंवा उत्तरेच्या सज्जात. काही आठवड्यांत तिची पाने गळू लागतात, काड्या उरतात आणि घरातील वडील माणसांच्या मनात नाना शंका येऊ लागतात. घराला दृष्ट लागली काय, सेवेत काही उणे राहिले काय, असा घोर त्यांना लागतो. वास्तविक त्यात अशुभ असे काही नसते. रोपाला ऊन मिळालेले नसते, एवढेच. शिवाय तुळशीचे आयुष्यही मूळचेच दोन-चार वर्षांचे. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती अधिक दिवस हिरवी राहते. बी धरू दिले की लवकर झडते. ज्या घरात रोज चार-पाच तास ऊन येत नाही, तेथे तुळस भेट देऊ नये.

मग अशा घरी काय द्यावे? मनी प्लँट, स्नेक प्लँट आणि झेडझेड ही तीन रोपे कमी उजेडातही तग धरतात. मनी प्लँटचे मूळ घर पॅसिफिक महासागरातील मूरिया बेट. आपल्या खिडकीत तळहाताएवढी पाने धरणारा हा वेल झाडावर चढू दिला की त्याची पाने सुपाहून मोठी होतात आणि त्यांना चिरा पडतात. हा तोच वेल, यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. तो चोरून आणला तरच पैसा देतो असे म्हणतात, पण भेट म्हणून मिळालेला वेलही तितकाच जोमाने वाढतो! स्नेक प्लँट पश्चिम आफ्रिकेतला. त्याची पाने तलवारीसारखी ताठ व रसरशीत असतात आणि ती पाणी साठवून ठेवतात. झेडझेड पूर्व आफ्रिकेतला. त्याच्या मातीखालील खोडाला बटाट्यासारख्या गाठी असतात, त्यांत महिन्याची बेगमी असते. सदा फिरतीवर असणाऱ्या माणसाला यांच्याइतका समजूतदार सोबती मिळणे कठीण.

खिडकीनंतर माणसे पाहावीत. घरात रांगते मूल असेल तर डिफेनबेकिया देऊ नये. त्याच्या ठिपकेदार पानांचे सौंदर्य मोहक असते. परंतु त्याच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि पान चघळल्यास तोंडाची आग होऊन जीभ सुजते. मनी प्लँटच्या पानांतही असेच स्फटिक असतात, म्हणून तो उंच टांगावा. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना मोठी जड कुंडी देणे म्हणजे त्यांच्या गळ्यात लोढणे बांधणे होय. आजारी माणसासाठी रोप न्यावयाचे असेल तर ते तो घरी परतल्यावर न्यावे. रुग्णालयातील अशक्त रुग्णांना मातीतील जंतूंपासून अपाय होण्याचा संभव असतो, म्हणून अनेक ठिकाणी कुंड्या आत नेऊ देत नाहीत.

भेट दिलेली रोपे मरतात ती बहुधा दुर्लक्षाने, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मायेने मरणारी रोपेच अधिक असतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मुळेही श्वासोच्छ्वास करतात आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा खेळत असते, तीच मुळांच्या उपयोगी पडते. रोज पाणी घातल्याने या पोकळ्या भरून जातात, मुळे गुदमरतात, त्यांना बुरशी लागते आणि ती कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. माती ओलीचिंब असूनही पाने माना टाकतात. घरातली माणसे ते पाहतात, रोप तहानलेले आहे असे समजतात आणि कळवळ्याने आणखी एक तांब्या ओततात! पाण्यात उभे राहून रोप तहानेने मरते, ते असे.

म्हणून पाणी घालण्याचा वार ठरवू नये. वैशाखात एका दिवसात सुकणारी कुंडी श्रावणात आठवडाभर ओली राहते. मातीत बोटाची दोन पेरे खुपसून पाहावीत. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. काही अनुभवी लोक कुंडी किंचित उचलूनच अंदाज घेतात, कारण कोरडी कुंडी हाताला हलकी लागते. पाणी द्यावयाचे तेव्हा मात्र तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. त्या ताटलीत डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होते, हे शहरवासीयांना वेगळे सांगावयास नको.

आता कुंडी. भेटवस्तूंच्या दुकानांतील चिनी मातीच्या चकचकीत कुंड्यांना पुष्कळदा तळाला भोकच नसते. असली कुंडी दिसावयास कितीही सुबक असली तरी ती रोपाची विहीर होय. साधी भाजलेल्या मातीची कुंडी सच्छिद्र असते, तिच्या अंगातून ओल उडून जाते. नवशिक्यांना तीच बरी. तळाशी खड्यांचा थर घातला की पाणी चांगले निचरते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते खरे नव्हे. बारीक मातीतील पाणी मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहजी उतरत नाही. ते वरच अडते आणि मुळांभोवतीचा चिखल उलट वर सरकतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून खापरीचा एक तुकडा पुरे.

अमुक रोप घरातील हवा शुद्ध करते, असे विक्रेते हटकून सांगतात. या समजुतीचा उगम १९८९ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाश संस्थेने केलेल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहानशा बंद पेट्यांत झाले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांची आकडेमोड पुन्हा करण्यात आली, तेव्हा दिसून आले की उघड्या खिडकीतून सहज घडणाऱ्या हवापालटाची बरोबरी करण्यास जमिनीच्या दर चौरस मीटरला निदान दहा रोपे लागतील. मग माणसांनी बसावे कोठे? स्नेक प्लँट रात्री प्राणवायू सोडतो, हेही असेच. तो रात्री कर्बवायू आत घेतो, ही गोष्ट खरी. प्राणवायू मात्र त्याच्याकडूनही उजेडातच बाहेर पडतो.

दुकानात न जाता रोप देण्याचीही एक सुंदर पद्धत महाराष्ट्रात रुळलेली आहे. घरोघरच्या ब्रह्मकमळाचे एक ‘पान’ शेजारणीला द्यावयाचे, ही ती पद्धत. शब्दशः पाहता हे ब्रह्मकमळ नव्हे आणि ते पानही नव्हे. खरे ब्रह्मकमळ हिमालयाच्या उंच उतारांवर फुलते आणि ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. आपल्या कुंडीतील वनस्पती मेक्सिको व मध्य अमेरिकेतील निवडुंगाची एक जात. तिचे खोडच चपटे होऊन पानासारखे दिसते, आणि त्याच्या कडेच्या खाचांतून कळ्या फुटतात. रानात ती झाडांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यावर वाढते, म्हणून तिला चिकट माती सोसत नाही. भुसभुशीत, पालापाचोळ्याचे खत मिसळलेली माती लागते. खोडाचा वीतभर तुकडा कापून दोन-तीन दिवस सावलीत सुकवावा आणि मग लावावा; कापलेली जागा वाळलेली असली की ती कुजत नाही. फूल येण्यास पुष्कळदा दोन-तीन वर्षे लागतात. मग पावसाळ्यातील एखाद्या रात्री पांढरीशुभ्र कळी उमलू लागते, मध्यरात्रीच्या सुमारास ती पूर्ण फुलते आणि उजाडेपर्यंत मान टाकते. त्या रात्री जिने चढून शेजारीपाजारी पाहावयास येतात, आरती होते, मुले जागरण करतात. आणि जिने पहिले ‘पान’ दिले, तिला निरोप धाडल्यावाचून घरधनीण राहत नाही.

रोप विकत घेताना ते टवटवीत आहे एवढ्यावर भुलू नये. पानाची खालची बाजू पाहावी; कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, आणि त्याला घरी आणले की तो आधीच्या कुंड्यांवरही पसरतो. फुलांनी गच्च भरलेल्या झाडापेक्षा कळ्यांचे झाड घ्यावे. रोपवाटिकेतील रोपे जाळीच्या सावलीत, दमट हवेत वाढलेली असतात. नव्या घरात आल्यावर त्यांची काही पाने पिवळी पडून गळतात. बारीक पानांच्या शोभेच्या फायकसाला तर जागा बदललेली मुळीच खपत नाही. अशा वेळी कुंडी बदलू नये, खत घालू नये, रोज नवी जागा शोधत फिरू नये. दोन-तीन आठवडे त्याला एका जागी स्वस्थ राहू द्यावे. भेट देताना या गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून कुंडीला बांधाव्यात: रोपाचे नाव, त्याला मानवणारी खिडकी आणि पाणी केव्हा द्यावयाचे ते.

खरी कसोटी लागते ती मे महिन्यात, सारे बिऱ्हाड गावी जाते तेव्हा. निघण्याच्या दिवशी सर्व कुंड्या उन्हातून काढून एका जागी जवळजवळ ठेवाव्यात, म्हणजे पानांभोवतीची हवा दमट राहते. मधोमध पाण्याची बादली थोड्या उंचीवर ठेवून तिच्यातून सुती कापडाच्या वाती एकेका कुंडीत सोडाव्यात. दिव्याची वात तेल ओढते तसे या वातींतून पाणी थोडेथोडे झिरपत राहते. ही व्यवस्था आठवडाभर तरी पुरते. मुक्काम त्याहून लांबणार असेल, तर किल्ली शेजारी ठेवावी.