पडद्यामागच्या प्रोग्रॅमचा पत्ता

नाटकात आपल्याला नट दिसतात. पडदा ओढणारे दिसत नाहीत. संगणकातही असे पडद्यामागचे मदतनीस असतात.

‘गिट’ हा प्रोग्रॅम घ्या. आपण ‘गिट’ला आज्ञा देतो, पण वेबवरील दूरच्या संगणकाशी बोलण्यासाठी तो दुसराच एक छोटा प्रोग्रॅम चालवतो. त्या प्रोग्रॅमला आपण स्वतः कधी हाक मारीत नाही. मग त्याला ठेवायचे कोठे?

लिनक्समधील फाइलींच्या जागा ‘एफएचएस’ नावाचे मानक सांगते. २००४ च्या आवृत्तीत अशा मदतनीसांची जागा ‘/यूएसआर/लिब’ ही होती. तेथे लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारे सामाईक भागही असत. २०१५ च्या आवृत्तीने मदतनीसांसाठी ‘/यूएसआर/लिबएक्झेक’ हे वेगळे घर मान्य केले. मात्र ते ऐच्छिक ठेवले. फेडोरात गिटचे मदतनीस या नव्या घरात आढळतात, तर डेबियनमध्ये जुन्या.

आता समजा, एखाद्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये मदतनीसाचा पूर्ण पत्ताच लिहून ठेवला. फाइल हलताच तो प्रोग्रॅम अडून बसेल! म्हणून फाइली हलवताना जुन्या जागी नव्या पत्त्याकडे नेणारा दुवा ठेवता येतो. त्याहून चांगले म्हणजे पत्ता गृहीत न धरता तो विचारून घेणे. ‘गिट --एक्झेक-पाथ’ ही आज्ञा इंग्रजीत देऊन पाहा. गिट आपल्या मदतनीसांचे घर स्वतःच सांगेल.